तीन पाळ्या, चार मांजरं

आमचा फ्लॅट डोंबिवलीला, वन बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही, कार्पेट ३८० स्क्वेअर फूट. त्यात मी, बाबा आणि चार मांजरं. हे ऐकलं की बहुतेक जण मनातल्या मनात भागाकार करतात आणि मग विचारतात, अगं एवढ्याशा जागेत मावतात कशी, कोंडल्यासारखं नाही का होत त्यांना? प्रश्न बरोबर आहे. मीही तो स्वतःला कित्येक रात्री विचारलाय, २०२२ च्या मार्चमध्ये तर रोजच, आणि जे काही उत्तर मिळालं ते बाबांमुळे मिळालं, त्यांच्या कापड गिरणीच्या दिवसांमुळे. ते एकदा नीट लिहून काढायचं बरेच दिवस मनात आहे.

सुरुवात मनीपासून. २०१९ चा जून, पहिला मोठा पाऊस, मी ऑफिसातून भिजून आले तर जिन्यात दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक तिरंगी मांजरी बसलेली, पोट एवढं मोठं की बसताना तिला एका कुशीला कलंडावं लागत होतं. मी दार उघडलं आणि ती माझ्या पुढून आत गेली. विचारलं नाही, घाबरली नाही, सरळ किचन, तिथून गॅलरी, आणि वॉशिंग मशीनच्या जुन्या खोक्यात जाऊन बसली. बाबा म्हणाले, राहू दे, पाऊस थांबला की जाईल. आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि आमच्या घरात संध्याकाळी टीव्हीशिवाय दुसरा आवाज नसायचा. पाऊस चार दिवस थांबला नाही, पाचव्या दिवशी खोक्यात चार पिल्लं होती.

आपल्याकडे म्हणतात ना, मांजर पिल्लांना सात घरं फिरवते. मनीने ती सात घरं आमच्या एकाच घरात फिरवली. खोक्यातून बाबांच्या पलंगाखाली, तिथून माझ्या कपाटातल्या साड्यांच्या कप्प्यात, मग किचनच्या ओट्याखाली पिठाच्या डब्यामागे, मानेला धरून एकेक पिल्लू, रात्री दोन-अडीचला. मी सकाळी उठून शोधायचे आज बिऱ्हाड कुठे हललंय. नंतर वाचलं की यामागे साधं कारण आहे, एका जागी फार दिवस राहिलं की वास साठतो आणि वासावरून बोके किंवा दुसरी जनावरं पिल्लांपर्यंत पोचतात, म्हणून आई जागा बदलत राहते. पण मला त्यातलं वेगळंच काहीतरी लक्षात राहिलं. ज्याला मी एक घर समजत होते त्यात तिला किमान सात घरं दिसत होती.

चारातली दोन पिल्लं गेली. सात आठवड्यांची होती. पहिल्या लसीसाठी शनिवारी न्यायचं ठरलं होतं आणि बुधवारी एकाने खाणं सोडलं, रात्री उलट्या, गुरुवारी दुसरं. पॅनल्यूकोपेनिया. आईच्या दुधातून मिळालेलं संरक्षण साधारण याच वयात उतरत जातं आणि लसीचं अजून सुरू झालेलं नसतं, त्या मधल्या फटीत हा विषाणू शिरतो आणि पांढऱ्या पेशीच संपवतो. घराबाहेर न गेलेल्या पिल्लांना झाला कसा असं मी डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, चपलेवरून येतो, कपड्यांवरून येतो, आणि एकदा घरात आला की वर्षभरसुद्धा तग धरतो. मी ब्लीचच्या पाण्याने सगळा फ्लॅट धुतला, खोकं आणि गोधड्या जाळून टाकल्या. मनी दोन दिवस घरभर हाका मारत फिरली, वेगळ्याच आवाजात, तो आवाज ती पिल्लांशी बोलतानाच काढायची. म्हणून आता कोणी मांजर घरी आणलं असं कळवलं की मी अभिनंदन करायच्या आधी लसीचं विचारते. लोकांना ते रुक्ष वाटत असेल, वाटू दे.

राहिले दोघे, एक भगवा बोका आणि एक काळी मांजरी. आई तिरंगी आणि पोरं अशी दोन टोकाची कशी, असा बाबांना प्रश्न पडला, तर ते असं असतं की भगव्या रंगाचा जीन एक्स क्रोमोसोमवर असतो. मादीकडे दोन एक्स, म्हणून तिच्या अंगावर भगवा आणि काळा दोन्ही एकदम उमटू शकतात, त्यामुळे तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच. बोक्याला आईकडून एकच एक्स मिळतो, जो मिळेल तो रंग. बाबांनी हे लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाले, म्हणजे ताण्यात एक धागा आणि बाण्यात दुसरा. मी कौतुकाने बघत राहिले, कारण ते गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे, होते हे मला माहीत असलं तरी घरात ते त्याबद्दल कधी बोलायचेच नाहीत.

काळीचं नाव काजळ मी ठेवलं. बोक्याचं बाबांनी. तो पहाटे साडेपाचला न चुकता ओरडायचा, लांब सूर काढून, एकदा थांबून परत. तिसऱ्या दिवशी बाबा अंथरुणातून म्हणाले, भोंगा झाला बघ. तेच नाव पडलं. ज्यांचं लहानपण लालबाग-परळला गेलंय त्यांना गिरणीचा भोंगा सांगायला नको, घड्याळ नसलेल्या घरांचं ते घड्याळ होतं.

दूध सुटल्यावर मनीचं ऑपरेशन करून घेतलं, कारण मांजरी अंगावर पाजत असतानाही पुन्हा गाभण राहू शकते, मग सहा महिन्यांनी भोंगा आणि काजळचंही. अडीच वर्षं तिघं गुण्यागोविंदाने राहिली. गॅलरीला आधी कबुतरांसाठीची नायलॉनची जाळी होती, ती भोंग्याने एका कोपऱ्यात कुरतडली तेव्हा तारेची बसवून घेतली. खाणं म्हणजे बाजारातलं मांजरांचं कोरडं खाणं आणि आठवड्यातून दोनदा बाबांनी आणलेली मांदेली, नुसत्या पाण्यात उकडलेली, मीठ-कांदा-लसूण काही नाही. फक्त मासे आणि भात घातला तर का चालत नाही हेही त्या काळात शिकले. टॉरिन नावाचं एक द्रव्य मांजराचं शरीर स्वतः पुरेसं बनवू शकत नाही, ते कमी पडलं की डोळे आणि हृदय दोन्ही जातं. आणि दूध तर बंदच. बशीतलं दूध पिणारी मनीमाऊ आपण बालवाडीपासून बघतो, पण मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना ते पचत नाही.

मग २०२२ च्या फेब्रुवारीत चौथा आला. स्टेशनजवळ रिक्षा स्टँडपाशी पाय मोडलेला राखाडी बोका, ओळखीच्या एका मुलीने उचलला होता, तिच्याकडे ठेवायला जागा नव्हती, पंधरा दिवस सांभाळ म्हणाली. बाबांनी विचारलं, कायम की बदली? बदली कामगार म्हणजे रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कोणी खाडा केला असेल तर त्याच्या जागी काम मिळणार, नाहीतर घरी परत. म्हटलं, बदलीच आहे. पाय बरा झाला, न्यायला कोणी आलं नाही, नाव बदलीच राहिलं.

इथे माझी मोठी चूक झाली. पाय प्लॅस्टरमध्ये होता तोपर्यंत बदली बेडरूममध्ये बंद होता, प्लॅस्टर निघालं त्या दिवशी मी दार उघडून टाकलं. मनात एवढंच होतं की हळूहळू होईल ओळख. मांजरांची ओळख आधी वासाने व्हावी लागते, एकाचं अंथरूण दुसऱ्याकडे, दाराच्या दोन बाजूंना दोन बश्या, मग फटीतून बघणं, यात आठवडे जातात, कधी महिने. मी एका दुपारी चौघांना एकमेकांसमोर उभं केलं. मारामारी फारशी झाली नाही, म्हणून मला वाटलं जमलं. घर शांत होतं. आता कळतं की ती शांतता चांगली नव्हती. काजळ दिवसभर फ्रिजवर, मनी माझ्या कपाटात, भोंग्याचं पहाटेचं ओरडणं बंद, आणि बदली आपला बसलेला हॉल आणि बेडरूमच्या मधल्या पॅसेजमध्ये, तीन फूट रुंद जागा, तिथे आडवा पडून.

मार्चमधल्या एका रात्री भोंगा शी-शूच्या ट्रेमध्ये बसला आणि उठेचना. जोर करतोय, काही होत नाही, बाहेर येतो, चाटतो, परत जाऊन बसतो. मला आधी बद्धकोष्ठ वाटलं. रात्री अकराला बाबा म्हणाले, हे पोटाचं नाही, याची लघवी अडकलीय, चल. ते बोलले नसते तर मी सकाळपर्यंत थांबले असते आणि सकाळी कदाचित उशीर झाला असता. बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो, तो तुंबला की रक्तात पोटॅशियम चढतं आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. बोका पाळणाऱ्या प्रत्येकाने हे एवढं तरी लक्षात ठेवा, ट्रेमध्ये वारंवार बसतोय आणि थेंबही येत नाही, तर ती थांबायची वेळ नाही, रात्र असो की रविवार. भोंग्याला नळी घातली, तीन दिवस सलाइन, चौथ्या दिवशी घरी.

सोडताना डॉक्टरांनी मला अर्धा तास बसवून घेतलं आणि त्यांचे प्रश्न आजाराचे नव्हते, घराचे होते. मांजरं किती, ट्रे किती, कुठे? चार मांजरं, दोन ट्रे, बाथरूमबाहेर शेजारी शेजारी. ते म्हणाले, शेजारी शेजारी असले तर त्यांच्या लेखी तो एकच. मांजरांपेक्षा एक जास्त हवा आणि वेगवेगळ्या ठिकाणी. पाणी कुठे, खाणं कुठे? सगळं किचनमध्ये एका ओळीत, आपल्या पंगतीसारखं. तेही चुकलं होतं. मांजराचा पूर्वज एकट्याने शिकार करणारा प्राणी, छोटी छोटी शिकार, दिवसातून अनेकदा, खाताना दुसरा कोणी बाजूला नको. कुत्र्यांसारखा कळप नाही. मांजरं एकत्र राहू शकतात, जीवही लावतात, पण त्यांच्यात भांडण मिटवायची मुख्य पद्धत म्हणजे समोरून निघून जाणं. तुमच्या घरात निघून जायला जागा आहे का, असं त्यांनी विचारलं.

मी रिक्षात रडले. ३८० स्क्वेअर फुटांत निघून कुठे जाणार? पाच ट्रे कुठे ठेवणार? बदलीला दुसरं घर शोधायचं मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

बाबा काहीच बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयचं जुनं पान काढलं, मागच्या कोऱ्या बाजूला घराचा नकाशा काढला आणि वहीत रकाने आखले. म्हणाले, आधी मस्टर भरू. पुढचे दहा दिवस, मी ऑफिसात असतानाही, त्यांनी दर अर्ध्या तासाला कोण कुठे आहे ते लिहिलं. म, का, भो, ब. संध्याकाळी मी आले की वही दाखवायचे.

आणि वही वाचताना मला दिसलं की जागेचं भांडण जवळजवळ नव्हतंच. किचनच्या खिडकीची फळी, जिच्यावर सगळ्यांचा डोळा, ती सकाळी सात ते दहा मनीची होती, ऊन असेपर्यंत. मग दुपारपर्यंत रिकामी. साडेतीननंतर तिथे बदली. रात्री काजळ. तिघांची तीच आवडती जागा, आणि दहा दिवसांत त्या फळीवरून एकदाही फिस्कारणं झालं नव्हतं, कारण ती एका वेळी दोघांना लागतच नव्हती. बाबा म्हणाले, ही पाळ्यांनी राहतात.

त्या रात्री ते पहिल्यांदा सविस्तर बोलले. १९७२ साली पाटण तालुक्यातून मुंबईला आले तेव्हा अठरा वर्षांचे होते, काकांबरोबर लालबागला एका खोलीत राहिले. दहा बाय बाराची खोली, गावचे चौदा जण. चौदा माणसं एकदम झोपूच शकली नसती, पण झोपावं लागायचंच नाही. पहिली पाळी सकाळी सातला आत, दुसरी दुपारी साडेतीनला, रातपाळी बाराला. रातपाळीचा माणूस सकाळी यायचा तेव्हा पहिल्या पाळीच्या माणसाने वळकटी गुंडाळून भिंतीला लावलेली असायची, त्याच जागेवर हा आपली पसरायचा. जागा माणसाची नसायची, वेळेची असायची. खरं भांडण व्हायचं ते दोनच ठिकाणी, नळावर आणि संडासाच्या रांगेत, आणि गिरणीला सुट्टी असेल त्या दिवशी, कारण तेव्हा सगळे एकदम घरी. १९८२ च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पाळ्याच बंद पडल्या तेव्हा त्या खोलीत काय झालं असेल याचा मी आधी कधी विचारच केला नव्हता. बाबा एवढंच म्हणाले, महिनाभरात अर्धे गावी गेले, जावंच लागलं, चौदा जण दिवसभर समोरासमोर बसणार कसे.

नंतर वाचताना कळलं की अमेरिकेत दोघा संशोधकांनी एका घरातल्या १४ मांजरांचा असाच अभ्यास करून तो १९९६ मध्ये छापलाय, आणि त्यांनाही आवडत्या जागा वेळ वाटून वापरलेल्या दिसल्या. चौदाचा आकडा वाचून मला कसंसंच झालं. बाबांना सांगितलं तर त्यांना अजिबात नवल वाटलं नाही.

तर मस्टरमध्ये अडचण एकाच ठिकाणी सापडली. संध्याकाळी सात ते दहा, पॅसेज. त्या वेळी बदली तिथे आडवा असायचा आणि पॅसेजच्या पलीकडे दोन्ही ट्रे. भोंगा तीन-तीन तास लघवी धरून बसत होता. नळावरचं भांडण. आजाराला बाकीही कारणं होती, कोरडं खाणं आणि पाणी कमी पिणं हे मोठं, पण हे त्यातलं एक होतं आणि आमच्या डोळ्यांदेखत रोज घडत होतं.

पॅसेज रुंद करता येत नाही. मग बाबांनी वर बघितलं. वन बीएचकेमध्ये असतो तसा आमच्याकडेही पॅसेज आणि बाथरूमच्या वर माळा आहे, एक तोंड किचनकडे, एक बेडरूमकडे. पंचवीस वर्षांचं सामान त्यात कोंबलेलं, आईची पितळी भांडी, माझी कॉलेजची पुस्तकं, गाद्या, बाबांची ट्रंक. आम्ही दोन रविवार घालवून तो रिकामा केला. भांडी काढताना वाईट वाटलं, चार ठेवली, बाकी मोड दिली. किचनच्या बाजूने फ्रिजवरून दोन फळ्या, बेडरूमच्या बाजूने कपाटावर एक फळी, फळ्यांना गोणपाट ठोकलं म्हणजे पाय घसरणार नाहीत. पॅसेजला न शिवता घराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायचा रस्ता झाला. काजळ पहिल्याच दिवशी गेली. भोंग्याला आठवडा लागला.

ट्रे पाच झाले: बाथरूममध्ये, गॅलरीत, माझ्या पलंगाखाली, हॉलमध्ये टीव्हीच्या टेबलाखाली आणि पाचवा किचनच्या दाराआड. दिसायला चांगलं नाही. पाहुणे आले की त्यांची नजर जातेच. दिवसातून दोनदा साफ करावे लागतात, ट्रेमध्ये घालायच्या मातीच्या दहा किलोच्या पिशव्या तीन जिने चढवाव्या लागतात. पण वास येत नाही, आणि हे मी छाती ठोकून सांगते, कारण सोसायटीत तक्रार वासावरूनच झाली होती. त्या मीटिंगला मी भारतीय प्राणी कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक छापून नेलं होतं, त्यात स्पष्ट आहे की बहुमताने ठराव करूनही सोसायटीला प्राणी पाळायला बंदी घालता येत नाही. ते वाचून दाखवलं, पण खरं काम झालं ते शेजारच्या काकूंना घरी बोलावून. त्या आल्या, सगळीकडे फिरल्या, माळ्याकडे बघत बराच वेळ उभ्या राहिल्या. म्हणाल्या, कुत्रं माणसाचं असतं गं, मांजर घराचं. तू घर त्यांना करून दिलंस.

बदली आणि बाकीच्यांना परत पहिल्यापासून ओळख करून दिली, दार बंद करून, गोधड्यांची अदलाबदल करून, सात आठवडे. आजही बदली आणि मनी एकमेकांचे मित्र नाहीत. होणारही नाहीत बहुधा. एकमेकांना बघून मान वळवतात आणि दोघांपैकी एक जण उठून माळ्यावर जातो. मला पूर्वी त्याचं वाईट वाटायचं, आता नाही वाटत, चौदा जणांच्या खोलीत तरी सगळे कुठे मित्र होते.

भोंग्याला परत तो त्रास झालेला नाही. खाणं बदललं, ओलं जास्त, पाण्याच्या बश्या घरभर सहा ठिकाणी. पहाटेचं ओरडणं साधारण दोन महिन्यांनी परत सुरू झालं. बाबा उठून बसले आणि काही न बोलता चहा टाकायला गेले, मी पांघरुणात ऐकत होते.

कोंडल्याचा प्रश्न माझ्या मनातून गेलाय असं मी म्हणणार नाही. मनी कधी कधी दाराशी बसते, फटीला नाक लावून जिन्याचा वास घेत. खाली रस्ता आहे, रिक्षा आहेत, कुत्री आहेत, दोन पिल्लांना मारणारा विषाणू खालीच कुठेतरी आहे, हे मला माहीत आहे. तिला काय माहीत आहे ते मला माहीत नाही. तिच्याकरता मी एवढंच करते की त्या वेळी तिच्या शेजारी जमिनीवर बसते आणि ती उठली की उठते.

बाबांच्या ट्रंकेतून माळा आवरताना एक धोटा निघाला, मागावर बाण्याचा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारा, लाकडी, दोन्ही टोकांना लोखंडी अणी. त्यात थोडं सूत अजून गुंडाळलेलं होतं. बाबांनी ते सगळं उकलून काढलं, कारण मांजराच्या पोटात दोरा गेला तर आतडी गोळा होतात हे त्यांना मी सांगितलं होतं, अणींना कापड गुंडाळलं आणि धोटा फरशीवर सोडला. काजळने पंजा मारला, तो घरंगळत भिंतीपर्यंत गेला, तिकडून भोंग्याने परत पाठवला.

हल्ली बाबांच्या खुर्चीवर दुपारी जेवणानंतर भोंगा झोपतो. बाबा एकाहत्तरचे आहेत, गुडघे दुखतात, मी दहादा म्हणलं की त्याला उचला आणि बसा. ते पेपर घेऊन किचनमध्ये स्टुलावर जाऊन बसतात आणि अधूनमधून घड्याळ बघतात. साडेतीन वाजले की भोंगा उठतो, अंग ताणतो, फ्रिजवरून माळ्यावर जातो. मग बाबा येतात, खुर्चीवर हात फिरवून केस झटकतात आणि बसतात.